कर्ती माणसं दूरदेशी

२०२२ च्या डिसेंबरात फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या बाजारात कांदा किलोला ७०० पेसोंपर्यंत चढला. आपल्या हिशेबात हजार रुपयांच्या घरात. त्या वेळी मनिला महानगरात किमान रोजंदारी होती ५७० पेसो. म्हणजे दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या हाती संध्याकाळी जे पडायचं, त्यात किलोभर कांदाही येत नव्हता. मांसापेक्षा कांदा महाग झाला. जानेवारीत दुबई आणि रियाधहून परतलेल्या दहा विमान कर्मचाऱ्यांच्या सामानात कस्टम्सला कांदा आणि फळं मिळून चाळीसेक किलो माल सापडला, आणि ती बातमी जगभर चवीनं वाचली गेली.

कांद्याच्या भावावर राजकारण हलताना पाहिलेल्या महाराष्ट्राला ही बातमी हसण्यावारी नेता येणार नाही, कारण तिच्या मागचं सगळं आपल्या ओळखीचं आहे. ग्राहक जो भाव देत होता, त्याचा अगदी लहानसा वाटा सुगीत शेतकऱ्याच्या हाती आला होता. साठवणुकीची सोय शेतकऱ्याकडे नाही. ज्याच्याकडे शीतगृह त्याच्याकडे भाव. त्याच जानेवारीत सेनेटच्या समितीसमोर पांगासिनान प्रांतातल्या एका कांदा उत्पादकाची विधवा उभी राहिली. लष्करी अळीनं पीक खाल्लं, कर्ज अंगावर आलं आणि नवऱ्यानं आत्महत्या केली, असं तिनं सांगितलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्यात हे वाक्य ऐकू आलं असतं. सरकारनं मग २१,०६० टन कांदा आयात करायला परवानगी दिली, तीही नवं पीक काढणीला येत असताना.

साडेसात हजारांहून जास्त बेटांचा आणि अकरा कोटींहून जास्त वस्तीचा हा देश. तिथली जमीन सुपीक, पाऊस भरपूर, माणसं कष्टाळू, शिकलेली, इंग्रजी जाणणारी. १९५० आणि ६० च्या दशकांत आशियात जपानच्या खालोखाल याच देशाचं नाव घेतलं जाई. १९६६ मध्ये आशियाई विकास बँकेनं आपलं मुख्यालय थाटलं ते मनिलात. मग आज तिथली लाखो कर्ती माणसं परक्या देशांत भांडी घासतात, म्हातारे सांभाळतात, जहाजं चालवतात, हे कसं झालं? माझ्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर जमिनीपासून सुरू होतं आणि सत्तेतल्या घराण्यांपाशी पोचतं. परदेशातून येणारा पैसा या दोहोंच्या मधोमध आहे.

आधी जमीन. स्पॅनिशांनी तिथं ३३३ वर्षं राज्य केलं आणि मोठमोठ्या जमिनी धर्मसंघांच्या नि जमीनदारांच्या हाती दिल्या. १८९८ मध्ये अमेरिकेनं स्पेनकडून दोन कोटी डॉलरला हा देश घेतला. १९०३ मध्ये धर्मसंघांच्या जमिनीही अमेरिकी प्रशासनानं विकत घेतल्या, कुळांना देण्यासाठी म्हणून. पण विकत घ्यायला कुळांकडे पैसा कुठला? त्यातल्या पुष्कळशा जमिनी ज्यांच्याकडे आधीच जमिनी होत्या त्यांच्याच पदरात पडल्या. पुढे अमेरिकेची हक्काची साखरबाजारपेठ मिळाली आणि नेग्रोस बेटावर उसाच्या जहागिऱ्या फोफावल्या. तोडणीला शेजारच्या पनाय बेटावरून मजूर आणायचे. त्यांना तिथं ‘साकादा’ म्हणतात. आपले बीडचे ऊसतोड कामगार जसे कोयता आणि उचल घेऊन निघतात, तसेच हेही आगाऊ रकमेच्या बदल्यात हंगाम गहाण टाकून येतात. हंगाम संपला की पुढचे काही महिने काम नाही आणि घरात धान्य नाही. ‘मेलेला काळ’ हे त्या महिन्यांचं स्पॅनिश नाव आजही चालतं. १९८० च्या दशकाच्या मध्यात साखरेचा जागतिक भाव कोसळला तेव्हा जमीनदारांनी लागवडच थांबवली आणि नेग्रोसमधली मुलं उपासमारीनं मेली. साखरेच्या बेटावर, सुपीक जमिनीवर. ती जमीन कसणाऱ्यांच्या मालकीची नव्हती, म्हणून मालकाचा धंदा थांबताच तिच्यावर साधा भाजीपाला पिकवायची मुभाही त्यांना नव्हती.

इथं आपला एक धागा जुळतो. फिलिपिन्सचं नाव मराठी घराघरांत पोचलं ते मॅगसेसे पुरस्कारामुळे. बाबा आमटे, जामखेडचे आरोळे दांपत्य, पांडुरंगशास्त्री आठवले, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, नीलिमा मिश्रा ही यादी आपल्याला पाठ असते. ज्यांच्या नावानं हा पुरस्कार दिला जातो ते रामोन मॅगसेसे १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते खेड्यातल्या माणसाचा कैवार घेऊन. मध्य लुझॉनमध्ये कुळांचं सशस्त्र बंड पेटलेलं होतं. जमीन दिल्याशिवाय ते कायमचं शमणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचा १९५५ चा जमीन सुधारणा कायदा संसदेत गेला, आणि जमीनदारांनी भरलेल्या त्या संसदेनं त्याचं पार पाणी केलं. सलग ३०० हेक्टरांच्या वर जमीन असेल तरच भाताच्या खासगी जमिनीला हात लावायचा, अशी मर्यादा ठेवली गेली. १९५७ मध्ये मॅगसेसे विमान अपघातात गेले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचे पहिले पुरस्कार दिले गेले, तेव्हा त्यांतला एक आमच्या गागोद्याच्या विनोबांना मिळाला, जे गावोगाव पायी फिरून भूमिहीनांसाठी जमीन मागत होते. त्या माणसाला गौरवणाऱ्या देशात कसणाऱ्याला जमीन मिळायची ती नाहीच मिळाली.

१९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसची हुकूमशाही लोकांनी रस्त्यावर उतरून उलथवली आणि कोराझोन अक्विनो सत्तेवर आल्या. जगभर आनंद झाला. त्यात आपणही होतो. १९८७ च्या २२ जानेवारीला जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांचा मोर्चा राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाजवळच्या मेंदिओला पुलापाशी आला, तेव्हा सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ माणसं गेली. पुढच्या वर्षी व्यापक जमीन सुधारणा कायदा झाला खरा, पण त्यात एक पळवाट होती: जमिनीऐवजी कंपनीचे समभाग द्यायचे. ही पळवाट ज्या जहागिऱ्यांनी वापरली त्यांतली एक हासिएन्दा लुइसिता, आणि ती होती राष्ट्राध्यक्षांच्या माहेरची. सहा हजारांवर हेक्टरांच्या उसाच्या मळ्यात मजूर कागदोपत्री भागीदार झाले. प्रत्यक्षात त्यांना आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवसाचं काम मिळू लागलं. २००४ च्या नोव्हेंबरात संपावर असलेल्या मजुरांवर गोळीबार होऊन सात जण मेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतिम आदेश दिला, ६,२९६ मजुरांना जमीन वाटायचा. कायदा झाल्यापासून २४ वर्षांनी.

जमीन मिळाली त्यांचीही गत बरी नाही. सरासरी शेत सव्वा हेक्टरच्या आसपास, सिंचन अपुरं, बाजार लांब. याच देशात, लोस बान्योसला १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये तिनं दिलेल्या ‘आयआर-८’ या बुटक्या वाणानं भारतासह आशियाचं पोट भरलं. आपले कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन १९८२ ते ८८ या काळात तिचे महासंचालक होते. आज तोच देश जगातला सर्वांत मोठा तांदूळ आयातदार आहे. २०२४ मध्ये त्यानं सत्तेचाळीस लाख टनांच्या वर तांदूळ बाहेरून आणला, बहुतेक व्हिएतनामकडून. २०१९ च्या कायद्यानं आयातीवरचे निर्बंध काढून फक्त जकात ठेवली, आणि २०२४ मध्ये ती जकातही ३५ टक्क्यांवरून १५ वर आणली. शहरातल्या गिऱ्हाइकाला थोडा दिलासा मिळाला, भाताच्या शेतकऱ्याचा भाव पडला. सरकारच्याच आकडेवारीत मच्छीमार आणि शेतकरी हे वर्षानुवर्षं सर्वांत गरीब गटांत आहेत. देशाचं पोट भरणारेच तिथं सर्वांत उपाशी. २०२३ मध्ये जमीन मिळालेल्या सहा लाखांवर शेतकऱ्यांचं हप्त्यांचं कर्ज माफ करणारा कायदा झाला, त्याचं श्रेय सरकारला दिलंच पाहिजे. पण तोवर शेतकऱ्याच्या पुढच्या पिढीनं पासपोर्ट काढलेला होता.

ही वाट सरकारनंच आखून दिली होती. फर्डिनांड मार्कोसनं १९७२ मध्ये लष्करी कायदा लादला आणि उधारीवर विकास मांडला. १९७० मध्ये सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास असलेलं परदेशी कर्ज तो पळून जाईपर्यंत पंचवीस अब्जांच्या वर गेलं. एकट्या बाताआन अणुवीज केंद्रावर दोन अब्जांहून जास्त डॉलर गेले. त्यातून विजेचा एक युनिटही तयार झाला नाही, आणि त्याचं कर्ज फिटलं २००७ मध्ये. कर्जाचे हप्ते अर्थसंकल्पात चर्चेविना, आपोआप वळते व्हावेत अशी तरतूद त्या राजवटीनं केली आणि पुढच्यांनी ती राहू दिली. शाळा-दवाखान्यांच्या आधी सावकार. डॉलर आणायचे कुठून? आखातात तेलाचा पैसा उसळला होता, हात हवे होते. १९७४ च्या कामगार संहितेनं माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरण केलं. तात्पुरती सोय, असं तेव्हा सांगितलं गेलं. १९८२ मध्ये तर हुकूमच निघाला की परदेशातल्या कामगारानं कमाईचा ठरावीक हिस्सा, निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत, सरकारमान्य बँकांतूनच घरी पाठवायचा. हाँगकाँगमधल्या घरकामगार बायका त्याविरुद्ध एकवटल्या आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. खलाशांसाठी मात्र मूळ पगाराच्या ८० टक्क्यांचा नियम आजही करारात आहे.

ती तात्पुरती सोय आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत. त्यांतले वीस लाखांवर कराराच्या नोकरीवर गेलेले. २०२४ मध्ये त्यांनी बँकांतून पाठवलेली रक्कम ३४ अब्ज डॉलरच्या पुढे होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर बारा-तेरा पेसोंत एक पेसो असा परदेशातून आलेला. कोकणातल्या गावांनी मुंबईच्या मनीऑर्डरवर पिढ्या काढल्या, घरात म्हातारी नि पोरं, कर्ता गिरणीत. तसा हा अख्खा देश.

मनिलातल्या लुनेटा उद्यानाच्या कडेनं टी. एम. कलाव नावाचा रस्ता जातो. तिथं झाडांच्या सावलीत खलाशांचा बाजार भरतो. भरती करणारे एजंट टेबलं मांडून, गळ्यात पाट्या अडकवून उभे असतात. पाटीवर जहाजाचा प्रकार, हुद्दा आणि डॉलरमधला पगार. समोर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्रं घेतलेली तरुण पोरं. जगातल्या दर चार-पाच खलाशांपैकी एक फिलिपिनो असतो, असं म्हटलं जातं. पण या फुटपाथवर उभं राहिलं की कळतं, जहाजावर चढणाऱ्यांपेक्षा वाट पाहणारे कितीतरी जास्त आहेत. नौकानयनाचा अभ्यासक्रम पुरा करायला समुद्रावरचा प्रत्यक्ष अनुभव लागतो आणि तो मिळवून देणं भरती कंपनीच्या हातात. म्हणून शेकडो पोरं त्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत महिनोन्महिने फुकट राबतात. चहा आणणं, फायली पोचवणं, साहेबाची गाडी धुणं, कधी साहेबाच्या घरची कामंसुद्धा. या पोरांना तिथं ‘युटिलिटी’ म्हणतात. पुढे जहाज मिळेल ही आशा, आणि तोंड उघडलं तर मिळणार नाही ही भीती.

गोव्याच्या तारवटी कुटुंबांना आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जहाजावर गेलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. क्रूझ जहाजांच्या भटारखान्यांत आणि इंजिन रूममध्ये आपली पोरं आणि फिलिपिनो पोरं एकमेकांच्या शेजारच्या बंकवर झोपतात. भरतीच्या नावाखाली पैसे उकळणारे दलाल दोघांनाही भेटलेले असतात. तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रं आली तेव्हा दोघांच्याही घरी फोनची वाट पाहिली गेली. २०२४ च्या मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर हल्ला होऊन तिघे गेले, त्यांतले दोघे फिलिपिनो होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिथं खलाशांच्या हक्कांचा सर्वंकष कायदा झाला. तो कागदावरून डेकवर कितपत उतरतो, हे कलाव रस्त्यावरची पोरंच सांगू शकतील.

बायकांची वाट आणखी अवघड. परदेशी गेलेल्या कामगारांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या मोठ्या संख्येला परक्या घरात, बंद दाराआड काम करायचं असतं. हाँगकाँगच्या सेंट्रल भागात रविवारी गेलात तर बँकांच्या उंच इमारतींच्या खाली, पुलांच्या कडेला पुठ्ठे अंथरून हजारो फिलिपिनो बायका बसलेल्या दिसतात. एकमेकींचे केस कापतात, डब्यातलं वाटून खातात, व्हिडिओ कॉलवर पोरांचा अभ्यास घेतात, घरी पाठवायच्या खोक्यांत साबण, चॉकलेट, बूट बांधून भरतात. आठवड्यातला सुटीचा एक दिवस, आणि तो फुटपाथवर. कारण मालकाच्या घरातच राहायचं हा तिथला नियम, स्वतःची खोली घ्यायची मुभा नाही. यांतल्या कित्येक जणी गावी शिक्षिका होत्या. दुसऱ्याचं मूल सांभाळण्याचा पगार स्वतःच्या देशात चाळीस मुलांना शिकवण्याच्या पगारापेक्षा जास्त पडतो.

१९८८ मध्ये कोराझोन अक्विनोंनी हाँगकाँगमध्ये या बायकांना ‘नव्या वीरांगना’ म्हटलं. हा गौरव खरा होता, पण संरक्षण फार उशिरा आलं, आणि दर वेळी कुणाचा तरी बळी गेल्यावर आलं. १७ मार्च १९९५ ला फ्लोर काँतेम्प्लासियोन या चार मुलांच्या आईला सिंगापुरात फाशी झाली. ती निर्दोष आहे अशी तिच्या देशातल्या लाखोंची खात्री होती. मनिला रस्त्यावर उतरली, मंत्र्यांना पदं सोडावी लागली आणि त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. २०१८ मध्ये कुवेतमधल्या एका रिकाम्या फ्लॅटच्या फ्रीजरमध्ये जोआना देमाफेलिस हिचा मृतदेह सापडला, वर्षाहून अधिक काळ तिथं पडलेला. मग भरतीवर बंदी आली, मग करार झाला की मालकानं कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा नाही. २०२३ च्या जानेवारीत पुन्हा कुवेतमध्येच एका घरकामगार बाईचा खून झाला आणि जाळलेला देह वाळवंटात मिळाला. पुन्हा बंदी. पुन्हा बोलणी.

परिचारिकांची कथा जगानं टाळ्या वाजवून ऐकली. ८ डिसेंबर २०२० ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत चाचण्यांबाहेरची पहिली फायझर लस टोचणारे हात मे पार्सन्स या फिलिपिनो परिचारिकेचे होते. अमेरिकेतल्या नोंदणीकृत परिचारिकांत फिलिपिनो चार टक्क्यांच्या आसपास; पण तिथल्या परिचारिकांच्या संघटनेनं त्याच वर्षी काढलेल्या अहवालात कोविडनं मेलेल्या परिचारिकांत त्यांचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश होतं. आणि त्याच काळात फिलिपिन्सच्या स्वतःच्या रुग्णालयांत परिचारिका कमी पडत होत्या. सरकारनं बाहेर जाणाऱ्यांवर मर्यादा घातली, मग दबावाखाली ती सैल केली. परिचारिकांचा प्रश्न साधा होता: इथं पुरेसा पगार देणार नसाल तर आम्हाला अडवता कशाला?

घरी काय होतं? आजी किंवा मोठी बहीण आई होते. नवरा-बायको दहा-दहा वर्षं वेगळी राहतात, नाती विरतात, पण सुटत नाहीत. व्हॅटिकन वगळता जगात घटस्फोटाची सोय नसलेला हा एकमेव देश. २०२४ च्या मे महिन्यात कनिष्ठ सभागृहानं घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, सेनेटमध्ये ते अडून राहिलं. परदेशातून आलेला पैसा पोरांच्या खासगी शाळेत, खासगी दवाखान्यात, सिमेंटच्या घरात, मॉलमध्ये जातो. त्यात गैर काही नाही. आई-बाप गेले ते याचसाठी. मात्र ज्या घरांमध्ये तक्रार करायची, मोर्चा काढायची ताकद होती, त्या घरांनी सरकारी शाळा आणि सरकारी दवाखान्याचा नाद सोडला. उरले ते ज्यांचं कोणी ऐकत नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत वाचनात फिलिपिनो मुलं ७९ देशांत शेवटची आली. २०२२ मध्येही तळाच्या काही देशांतच राहिली. पाच वर्षांखालच्या सुमारे चारांतल्या एका मुलाची उंची कुपोषणानं खुंटलेली आहे. परदेशी पगारानं घरं वर आली, शाळा खाली गेली, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

जे परदेशी जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी काय? इंग्रजी बरं असेल तर कॉल सेंटर. पुणे-मुंबईनं हा धंदा आपला मानला होता, पण २०१० च्या सुमाराला फोनवरच्या सेवेत मनिलानं भारताला मागे टाकलं. आज तिथं अठरा लाखांच्या आसपास माणसं अशा कामात आहेत, अमेरिकेच्या घड्याळानं रात्रभर जागी. आता बोलणारं यंत्र त्यांच्या खुर्चीवर बसू पाहतं आहे.

इंग्रजी बरं नसेल तर मॉल, कारखाना, बांधकाम, आणि तिथं पाच महिन्यांचा करार. सहा महिने काम झालं की कामगार कायम करावा लागतो, म्हणून पाचव्या महिन्यात काढायचा. मग नवा घ्यायचा, किंवा तोच पुन्हा. या प्रकाराला ‘एन्डो’ म्हणतात. तो बंद करू, असं वचन देऊन दुतेर्ते २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, आणि २०१९ मध्ये संसदेनं मंजूर केलेलं विधेयक त्यांनी स्वतःच नकाराधिकारानं परत पाठवलं.

मनिलातल्या टोंडोसारख्या वस्त्यांत आयुष्य एकेका दिवसाच्या हिशेबानं चालतं. गल्लीच्या तोंडाशी, जाळीमागं बसलेलं घरगुती दुकान. तिथं तेल कपाच्या मापानं, लसूण एक गड्डी, सिगारेट एक, शाम्पू, कॉफी, सोया सॉस सगळं पुडीत. महिन्याचं सामान एकदम भरायला महिन्याचा पैसा एकदम हातात लागतो. तो नसतो, म्हणून गरीब माणूस तीच वस्तू मापागणिक महाग घेतो. २०१९ च्या एका अभ्यासानुसार देशात रोज १६ कोटींच्या वर पुड्या वापरून फेकल्या जातात. त्या नाल्यांत जातात आणि पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा त्याच वस्तीत शिरतं. दुकानदारिणीला माल भरायला भांडवल हवं. बँक दारात उभी करत नाही. मग मोटारसायकलवरून ‘बुंबाय’ येतो. बहुतांशी पंजाबी असलेल्या या भारतीय सावकारांना तिथं आपल्या मुंबईच्याच नावानं ओळखतात. पाच घ्यायचे, सहा फेडायचे, रोज थोडेथोडे. दुतेर्तेंनी २०१७ मध्ये त्यांच्यावर कारवाईचा आदेश काढला, सरकारी लघुकर्जाची योजनाही आणली. मात्र कागद न मागता, त्याच दिवशी, दारात येऊन पैसे देणारा दुसरा कोणी वस्तीत आला नाही, आणि मोटारसायकली फिरतच राहिल्या.

२०२४ मध्ये नियोजन खात्यानं सेनेटला सांगितलं की माणशी दिवसाला ६४ पेसोंत पोट भरत असेल तर तो माणूस अन्नाच्या दृष्टीनं गरीब धरला जात नाही. एका जेवणाला २१ पेसो. त्याच मनिलात फास्टफूडच्या कचऱ्यातून वेचलेलं उरलेलं मांस धुऊन, पुन्हा शिजवून विकलं जातं. त्याला ‘पागपाग’ म्हणतात आणि त्याला गिऱ्हाईक आहे. सरकारी मोजणीनं २०२३ मध्ये गरिबी १५.५ टक्क्यांवर उतरली, म्हणजे पावणेदोन कोटी माणसं. आणि ही मोजणी अशा मापानं केलेली.

आता घराण्यांकडे येऊ, पुराच्या वाटेनं. वर्षाला वीसेक चक्रीवादळं या देशाच्या हद्दीत येतात. २०१३ च्या नोव्हेंबरात ‘योलांदा’नं ताक्लोबान शहर धुऊन नेलं, सहा हजारांवर माणसं गेली. पूरनियंत्रण हा तिथं जगण्यामरण्याचा विषय. २०२२ पासून तीन वर्षांत त्यावर ५४५ अब्ज पेसो खर्च झाले. २०२५ च्या जुलैत पूर आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी, म्हणजे त्याच हुकूमशहाच्या मुलानं, संसदेत लोकप्रतिनिधींना आणि ठेकेदारांना उद्देशून, लाज बाळगा, असं सुनावलं. मग एकेक बाहेर पडू लागलं. या कामांच्या रकमेतला सुमारे पाचवा हिस्सा अवघ्या १५ ठेकेदारांकडे गेला होता. बुलाकान प्रांतात पूर्ण झाल्याचं बिल निघालेल्या भिंती जागेवर नव्हत्याच. एका ठेकेदार दांपत्याकडे २८ आलिशान गाड्या निघाल्या. त्यांतली एक, सोबत मिळणारी छत्री आवडली म्हणून घेतल्याचं त्या बाईंनी मुलाखतीत सांगितलं होतं. ज्यांच्या घरात दर वर्षी गळ्याइतकं पाणी येतं, त्यांनी ती मुलाखत पाहिली. २१ सप्टेंबरला, लष्करी कायद्याच्या स्मरणदिनी, मनिलात प्रचंड मोर्चे निघाले. विद्यार्थी होते, चर्च होतं, परदेशी कामगारांच्या कुटुंबातली माणसं होती. सभापती मार्टिन रोमुआल्देझ यांना त्याआधीच पद सोडावं लागलं होतं. ते राष्ट्राध्यक्षांचे मामेभाऊ. नोव्हेंबरात ‘तिनो’ वादळानं सेबू बुडालं, देशभरात दोनशेहून जास्त माणसं मेली. सेबू प्रांतात पूरनियंत्रणावर अब्जावधी पेसो खर्च झाल्याची नोंद कागदावर होती.

जमीन रोखून धरणारी, कर्ज करणारी, माणसं पाठवणारी आणि पुराच्या भिंतींचं बिल घेणारी घराणी बहुतांशी तीच आहेत. परदेशातून दर महिन्याला पैसा येतो, तुटवडा भरून निघतो, असंतोषाची धार बोथट होते आणि त्यांना काही बदलावं लागत नाही. कामगारांचा यात दोष नाही; त्यांनी देश तारला. त्यांनी तारलेल्या देशाचा कारभार ज्यांनी हाकला, दोष त्यांचा आहे. आणि त्याची तोड त्या देशाच्या राज्यघटनेतच लिहिलेली आहे. १९८७ च्या घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाचं सव्विसावं कलम म्हणतं, सार्वजनिक सेवेची संधी सर्वांना सारखी मिळावी आणि राजकीय घराणेशाहीला मनाई असावी. घराणेशाहीची व्याख्या कायदा करील. तेव्हापासून ही व्याख्या करणारी विधेयकं पुन्हापुन्हा मांडली गेली. २०२५ संपेपर्यंत त्यांतलं एकही मंजूर झालं नव्हतं. अपवाद एकच: २०१६ च्या कायद्यानं निवडून आलेल्या पुढाऱ्यांच्या जवळच्या नातेवाइकांना गावपातळीवरच्या युवक परिषदेची निवडणूक लढवायला बंदी आहे. त्याहून वरच्या कोणत्याही पदाला ती लागू नाही.